टायमिंग बेल्ट घरी बदलावा की गॅरेजला द्यावा? साताऱ्याच्या गाडीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा, कोरेगाव, वाई, कराड या पट्ट्यातून मला गाडीबद्दल जे निरोप येतात, त्यांत टायमिंग बेल्टचे सर्वांत जास्त असतात. मी आयटीआयला मोटर मेकॅनिकचं शिक्षण घेतलं, काही वर्षं वर्कशॉपमध्ये हात काळे केले. आता घरच्या आणि जवळच्यांच्या गाड्या स्वतः करतो. त्याच त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. जुना बेल्ट काढून नवा घालणं फारसं अवघड नाही. तो बरोबर बसलाय की नाही हे तपासता येणं अवघड आहे. घरी की गॅरेज, हा निर्णय त्यावरच घ्यावा.

1. टायमिंग बेल्ट म्हणजे तो फॅन बेल्टच ना? बॉनेट उघडल्यावर दिसतो तो?

नाही, आणि या गोंधळात पुष्कळांचे पैसे गेलेत. बाहेरून दिसणारा तो फॅन बेल्ट. त्याच्यावर अल्टरनेटर, एसी, काही गाड्यांत पॉवर स्टीअरिंग आणि वॉटर पंप फिरतो. तो पावसाळ्यात सकाळी चुंई चुंई करतो, आणि तो बदलला की लोक समजतात "बेल्ट झाला एकदाचा".

टायमिंग बेल्ट झाकणाच्या आत असतो. रबराचा, आतल्या बाजूला दात असलेला, पोटात काचतंतूंच्या दोऱ्या. खालची क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) आणि वरचा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना तो एका लयीत बांधून ठेवतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक व्हायचा, म्हणून कॅमच्या गिअरला क्रँकच्या गिअरपेक्षा बरोबर दुप्पट दात असतात. पिस्टन वर आला की व्हॉल्व्ह मिटलेले हवेत, एवढी साधी गोष्ट या बेल्टवर टिकून आहे. बिलावर नुसतं "बेल्ट" लिहिलं असेल तर कोणता, ते विचारून घ्या.

2. माझ्या गाडीला बेल्ट आहे की चेन, कसं कळणार?

मॅन्युअल बघा. ते हरवलं असेल तर इंजिन कोणतं आहे ते बघा, कारण नुसत्या गाडीच्या नावावर जाऊन फसायला होतं. ऑल्टो 800 ला बेल्ट आहे, ऑल्टो के10 ला चेन. आय10 च्या 1.1 इंजिनाला बेल्ट, तिच्याच 1.2 कप्पा इंजिनाला चेन.

आपल्या भागात रोज दिसणाऱ्यांपैकी बेल्टवाल्या गाड्या अशा: ओम्नी, ऑल्टो 800, 1.0 एफ10डी इंजिनाची जुनी वॅगन आर, एस्टीम, जुनी सँट्रो, इंडिका 1.4 डिझेल, जुनी इनोव्हा 2.5 डिझेल, डस्टर आणि व्हेरिटोचं 1.5 डिझेल, फिगो-इकोस्पोर्टचं डिझेल, पोलो-व्हेंटो-रॅपिडचं डिझेल. चेनवाल्या: मारुतीची के-सिरीज पेट्रोल, स्विफ्ट-डिझायरचं 1.3 डिझेल, इनोव्हा क्रिस्टाचं डिझेल.

चेन असली तर ठरावीक किलोमीटरला बदलायची भानगड नाही. इंजिन ऑइल मात्र वेळेवर बदलत राहा, कारण चेन त्या तेलावरच जगते.

3. बेल्ट किती किलोमीटरला बदलायचा? माझी गाडी वर्षाला चार हजारसुद्धा चालत नाही.

प्रत्येक कंपनीचा आकडा वेगळा, आणि तो इंजिनागणिक बदलतो. म्हणून दुसऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्याला लावू नका. मॅन्युअलमध्ये बहुधा दोन मर्यादा असतात, एक किलोमीटरची आणि एक वर्षांची. त्यातली जी आधी येईल ती खरी.

कमी चालणाऱ्या गाडीचे मालक वर्षांची मर्यादा विसरतात. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. दहा वर्षांत चाळीस हजार चाललेली, घरासमोर झाकून ठेवलेली गाडी बेल्टच्या दृष्टीने नवी नसते. आणखी एक हिशोब सांगतो. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हा धुराच्या प्रदूषणाचा नियम आला आणि डस्टर, पोलो, व्हेंटो यांची ती डिझेल इंजिनं आपल्याकडे बंद झाली. म्हणजे त्यातली सर्वांत शेवटची गाडीही आता इतकी जुनी आहे, की मीटर कितीही कमी दाखवत असलं तरी वर्षांची मर्यादा तपासायलाच हवी.

काही गाड्या स्वतः आठवण देतात. जुन्या इनोव्हात डॅशबोर्डवर टी-बेल्टचा दिवा लागतो. तो दिवा किलोमीटर मोजतो, बेल्टची तब्येत नाही. कोणी बेल्ट न बदलता दिवा नुसता रिसेट करून दिला असेल, तर गाडीला ते कळत नाही.

4. बेल्ट बघून किंवा आवाजावरून कळत नाही का?

फार थोडं कळतं. वरचं झाकण काढून बघितलं तर भेगा, उसवलेली कड, तेलाने ओलसर झालेलं रबर दिसू शकतं. असं काही दिसलं तर मुदत बाकी असली तरी बदला. पण दिसलं नाही म्हणून निर्धास्त राहू नका, कारण दोऱ्या आतून कमकुवत होतात आणि दात मुळाशी चिरतात.

आवाजाचं म्हणाल तर घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज बहुधा टेन्शनर (बेल्टला ताण देणारं चाक), आयडलर (बेल्टला वाट दाखवणारं चाक) किंवा वॉटर पंपाच्या बेअरिंगचा असतो. तो आला तर गाडी लांबच्या प्रवासाला काढू नका. बेअरिंग अडकलं की चांगला बेल्टही जातो. बाकी बेल्ट न सांगता तुटतो. चालत्या गाडीत इंजिन एकदम गप्प होतं.

5. तुटला तर नेमकं काय होतं? नवा घातला की झालं ना?

इंजिनावर अवलंबून आहे. काही इंजिनांत पिस्टन पूर्ण वर आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असला तरी दोघांत अंतर राहतं. तिथे नवा बेल्ट घालून, टायमिंग लावून गाडी चालू होते. बाकीच्यांत दोघं एकाच जागेत येतात, फक्त वेगवेगळ्या वेळी. बेल्ट तुटला की कॅम थांबतो, पिस्टन मात्र वेगात असतो, तो उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, गाइड जातात, कधी पिस्टनला खड्डा पडतो. मग हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) उघडणं आलं, लेथवाल्याकडे फेऱ्या आल्या. डिझेलमध्ये पिस्टनच्या डोक्यावर जागाच नसते, त्यामुळे डिझेल गाडीवाल्याने वाचण्याची आशा ठेवू नये.

माझ्या मामांची सँट्रो पुण्याहून येताना खंबाटकी चढताना बंद पडली. बेल्टची मुदत दोन वर्षांपूर्वी संपली होती, आणि तो मी बदलून देणार होतो. "या महिन्यात करू" असं मीच दोनदा म्हणालो होतो. व्हॉल्व्ह वाकले. त्यांनी मला एक शब्द बोलला नाही, पण तो खर्च माझ्या दिरंगाईचा होता हे मला आजही लागतं. घरी करायचं ठरवून काम लांबत असेल, तर गॅरेजला द्या. हे मी मनापासून सांगतो.

6. दादा, स्पष्ट सांगा. मी घरी करू की नको?

चार गोष्टी स्वतःला विचारा, आणि उत्तर स्वतःशी खरं द्या.

पहिली: क्रँक आणि कॅमच्या गिअरवरच्या खुणा जुळल्या आहेत की नाहीत, हे तुम्ही दुसऱ्याला दाखवून सिद्ध करू शकाल का? म्हणजे तुमच्या इंजिनाच्या दुरुस्ती पुस्तिकेतलं टायमिंगच्या खुणांचं चित्र तुमच्याजवळ आहे का? व्हिडिओ बघून हिंमत येते, पण व्हिडिओतली गाडी आपली नसते. त्याच नावाच्या गाडीत परदेशात दुसरं इंजिन असू शकतं. चित्र नसेल तर काम हाती घेऊ नका.

दुसरी: याआधी काय काय केलंय? ऑइल, ब्रेक पॅड, फॅन बेल्ट, रेडिएटरची होज ही कामं स्वतः केली असतील तर पाया आहे. बेल्ट हे कोणाचंच पहिलं काम असू नये.

तिसरी: गाडी दोन-तीन दिवस जागेवर राहिली तर चालेल का? एक बोल्ट मोडला, एक सील आणायचं राहिलं, तर पार्टसाठी पुण्याच्या नाना पेठेपर्यंत जावं लागू शकतं. सोमवारी सकाळी त्याच गाडीने एमआयडीसीत कामावर जायचं असेल, तर रविवारी बेल्ट काढू नका. घाईत खुणा "जवळपास" जुळवल्या जातात.

चौथी: जागा कशी आहे? सपाट, पक्की जमीन हवी. उतारावरच्या गल्लीत गाडी जॅकवर घेणं जिवाशी खेळ आहे.

चारही उत्तरं होकारार्थी आणि गाडी 8 व्या प्रश्नातल्या सोप्या गटातली असेल, तर बिनधास्त करा. पहिलं उत्तर नकारार्थी असेल तर बाकी तिघांचा उपयोग नाही.

7. घरी केलं तर किती पैसे वाचतील?

पार्ट दोन्हीकडे लागणारच आहेत, वाचते ती मजुरी. म्हणून हिशोब मजुरीचाच करा. दोन गॅरेजमधून मजुरीचा वेगळा आकडा लिहून घ्या. त्यातून तुम्हाला नव्याने घ्यावी लागणारी हत्यारं वजा करा. समजा मजुरी अडीच हजार आहे आणि टॉर्क पाना (ठरलेल्या जोराने बोल्ट आवळायचा पाना), जॅक स्टँड मिळून पाच हजारांचे. तर पहिल्या वेळी तुम्ही अडीच हजार जास्तच घालता. हत्यारं पुढेही राहतात, हे खरं. पण बेल्ट काही दरवर्षी बदलायचा नसतो, तेव्हा घरात इतर कामं होत असतील तरच ती वसूल होतात.

पक्क्या बिलावर 18 टक्के जीएसटी लागतो. तो वाचवायला कच्चं बिल घेऊ नका, कारण 15 व्या प्रश्नात आहे.

माझा अनुभव असा, की नुसत्या पैशासाठी करणारा माणूस टॉर्क पान्यावर पैसे वाचवतो, टेन्शनर जुनाच ठेवतो, आणि शेवटी महागात पडतो. ज्याला आपली गाडी आतून समजून घ्यायची आहे, त्याचं काम चांगलं होतं.

8. कोणत्या गाड्या घरी करण्यासारख्या आहेत?

छोट्या, एका कॅमच्या पेट्रोल गाड्या. ओम्नी, ऑल्टो 800, जुनी सँट्रो. यांत कॅमच्या गिअरवर आणि क्रँकच्या गिअरवर स्पष्ट खुणा असतात, खास लॉकिंगचं हत्यार लागत नाही. जागेची अडचण होते, पण डोळ्यांनी तपासता येतं.

जुनी इनोव्हा मधल्या गटातली. तिचं इंजिन लांबीत बसवलेलं आहे, त्यामुळे बेल्ट समोरून दिसतो. आडव्या इंजिनाच्या गाडीसारखं चाकाच्या कमानीतून चाचपडावं लागत नाही. तरी डिझेल आहे, चुकीला माफी नाही.

डस्टर, पोलो, व्हेंटो, फिगो यांची डिझेल इंजिनं घरी करू नका असंच मी सांगतो. तिथे क्रँक आणि कॅम पिना घालून जागेवर लॉक करायचे असतात. वॉटर पंपही त्याच बेल्टवर असतो. त्या पिनांऐवजी ड्रिलचा दांडा किंवा खिळा घालणारे मी पाहिलेत. लॉकिंग किटशिवाय ते काम म्हणजे अंदाज, आणि या इंजिनांत अंदाज चालत नाही.

9. हत्यारं कोणती लागतात?

चांगला जॅक आणि दोन जॅक स्टँड, सॉकेटचा सेट, लांब दांडा, टॉर्क पाना, पांढरा पेंट किंवा पेंट मार्कर, बॅटरीचा दिवा, इंजिनाखाली टेकवायला लाकडाचा ठोकळा, आणि कूलंट धरायला घमेलं. क्रँक पुली अडवून धरायचं हत्यार गाडीप्रमाणे वेगळं असतं.

नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. कूलंट चवीला गोड आणि विषारी असतं. गल्लीतली कुत्री ते चाटतात, म्हणून गटारात ओतू नका आणि उघड्यावर ठेवू नका.

10. घरी करताना लोक नेमके कुठे चुकतात?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण चुका त्याच त्याच असतात.

सगळ्यात आधी क्रँक पुलीचा बोल्ट. तो भयंकर घट्ट असतो. काही जण दांडा जमिनीला टेकवून सेल्फ मारतात, म्हणजे इंजिनाच्या झटक्याने बोल्ट सुटतो. दांडा निसटला तर हात जातो. बेल्ट सैल किंवा काढलेला असताना सेल्फ मारलं तर व्हॉल्व्ह जातात. ही युक्ती कितीही अनुभवी माणसाने सांगितली तरी करू नका. पुली अडवा, लांब दांडा वापरा, वेळ द्या. आणि काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा.

दुसरं, इंजिनाचं माउंटिंग, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवणारा आधार. आडव्या इंजिनात बेल्ट काढायला बहुधा त्या बाजूचं माउंटिंग सोडावं लागतं. इंजिनाला खालून लाकडाचा ठोकळा ठेवून जॅकचा आधार द्यायच्या आधी तो बोल्ट सोडला, तर इंजिन एका बाजूला लटकतं.

तिसरी चूक खुणांची, आणि ती मी स्वतः केली आहे. क्रँक पुलीवर एक खूण असते ती इग्निशनचं टायमिंग बघायला. बेल्टची खूण पुलीच्या मागे, गिअरवर असते. मी शिकत असताना पुलीची खूण धरून बेल्ट चढवला. उस्तादांनी सेल्फ मारू दिला नाही. त्यांनी पाना माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "आधी हाताने फिरव." अर्ध्या फेऱ्यात पाना अडला. ते तीन शब्द नसते, तर गिऱ्हाइकाचं हेड उघडावं लागलं असतं.

म्हणून नियम असा: बेल्ट चढवल्यावर क्रँक हाताने, पान्याने, इंजिनाच्या नेहमीच्या दिशेने पूर्ण दोन फेरे फिरवा. दोन यासाठी, की तेव्हाच कॅमचा एक फेरा पूर्ण होतो आणि सगळ्या खुणा परत जागेवर येतात. मध्ये कुठे टणक अडथळा लागला तर तिथेच थांबा, जोर लावू नका. कॅमच्या बोल्टवर पाना लावून इंजिन फिरवू नका, बोल्ट सैल होतो आणि बेल्टवर ताण येतो. दोन फेऱ्यांनंतर खूण अर्धा दात जरी हटलेली वाटली, तरी परत काढा आणि परत बसवा.

दिशेबद्दल एक अपवाद. बहुतेक इंजिनं पुलीकडून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात. 1998 ते 2003 मधल्या जुन्या होंडा सिटीचं इंजिन उलट्या दिशेने फिरतं.

चौथं, जुन्या बेल्टवर आणि गिअरवर पेंटने खुणा करून, दोन खुणांमधले दात मोजून ते नव्या बेल्टवर उतरवायचे. पद्धत उपयोगी आहे, पण दुसरी तपासणी म्हणून. आधीच्याने चुकीचा बसवला असेल तर त्याचीच चूक तुम्ही इमानाने नकलून काढता.

पाचवं, ताण. स्प्रिंगचा टेन्शनर असेल तर बोल्ट सैल करून स्प्रिंगला ओढू द्यायचं, फेरे मारायचे, मग आवळायचं. काट्याचा टेन्शनर असेल तर काटा खाचेसमोर आला पाहिजे. "थोडा जास्त ताणून ठेवू, सैल पडायला नको" हा विचार बेअरिंगच्या मुळावर येतो. दोन कॅमच्या इंजिनात बेल्ट निघताच कॅम स्प्रिंगच्या जोराने उडी मारून फिरतो, ते आधीच धरून ठेवा.

आणि नवा बेल्ट मुरडू नका, चाकूसारखा दुमडू नका, स्क्रूड्रायव्हरने रेटून चढवू नका. आतल्या दोऱ्या तुटतात आणि बाहेरून काही दिसत नाही.

11. नुसता बेल्ट बदलला तर चालणार नाही का? टेन्शनर चांगला आहे.

हाताला चांगला लागतो म्हणून चांगला नसतो. तो बेल्टइतकेच फेरे फिरलाय, त्यात आत्ता आणखी तेवढंच आयुष्य उरलेलं नाही. टेन्शनर आणि आयडलर बेल्टबरोबरच बदला. वॉटर पंप टायमिंग बेल्टवर असेल तर तोही, कारण पुढे पंप गळला तर हेच सगळं काम परत उघडायचं. कॅम आणि क्रँकचं ऑइल सील पाझरत असेल तर तेलाने नवा बेल्ट सडतो, सील आधी. काही बोल्ट "अमुक न्यूटन मीटर आणि पुढे अमुक अंश" अशा पद्धतीने आवळायचे असतात. तसे बोल्ट नवेच घ्यायचे.

12. गॅरेजला द्यायचं तर कोणत्या गॅरेजला? कंपनीतच देऊ का?

मिस्त्रीला तीन प्रश्न विचारा. माझ्या याच इंजिनाचा बेल्ट तुम्ही बदललाय का? लॉकिंग पिना लागतात का, आणि तुमच्याकडे आहेत का? काम चालू असताना झाकण लावायच्या आधी मला खुणा दाखवाल का? तिसऱ्या प्रश्नाला जो मोकळेपणाने "या की, बघा" म्हणतो, त्याच्याकडे गाडी ठेवा. आपल्या साताऱ्यात आणि कराडात असे मिस्त्री आहेत, आणि त्यांचे पैसे द्यायला मला कधी जड गेलं नाही.

पिना लागणाऱ्या डिझेल गाड्यांना कंपनीचं सर्व्हिस सेंटर किंवा त्याच ब्रँडमध्ये काम केलेला माणूस बरा. साध्या पेट्रोल गाडीला चांगला बाहेरचा मिस्त्री पुरे. जुने पार्ट परत मागा, आणि बिलावर तारीख, किलोमीटर, पार्ट नंबर लिहून घ्या.

13. पार्ट मी ऑनलाइन मागवतो, मिस्त्रीने फक्त बसवायचं. चालेल?

चालतं, पण पुढे काही झालं तर तो म्हणणार पार्ट तुमचा, तुम्ही म्हणणार काम त्याचं. मी शक्यतो दोन्ही एकाच ठिकाणी देतो. बाहेरून घ्यायचंच असेल तर गाडीच्या कंपनीचा ओरिजिनल किंवा गेट्स, काँटिटेक, डेको यांसारख्या ब्रँडचा पूर्ण किट, अधिकृत विक्रेत्याकडून, बिलासह घ्या. याच नावांचा डुप्लिकेट मालही फिरतो, त्यामुळे फार स्वस्त दिसला तर सोडा. छपाई पुसट, पार्ट नंबर बोटाने पुसला जातोय, दातांची कड खरखरीत, असं काही वाटलं तर बसवू नका.

14. बदलल्यापासून गाडी ओढत नाही, आयडलिंगला थरथरते. एक दात चुकला असेल का?

शक्यता आहे. एक दात हटला तर बहुतेक गाड्या चालू होतात, पण पिकअप जातो, मिसिंग येतं, ॲव्हरेज पडतं, चेक इंजिनचा दिवा लागू शकतो. "चालतेय ना" म्हणून चालवू नका. आधी सेन्सरची निघालेली वायर, निसटलेली व्हॅक्यूमची नळी बघा, ती काम करताना हमखास सुटते. ते ठीक असेल तर झाकण काढून 10 व्या प्रश्नात सांगितल्याप्रमाणे खुणा परत तपासा.

15. गॅरेजने बदलला आणि दोन महिन्यांत तुटला. काय करता येईल? इन्शुरन्स मिळेल का?

गाडी दुसरीकडे उघडू देऊ नका. आधी त्याच गॅरेजला लेखी कळवा, तुटलेला बेल्ट आणि टेन्शनर जपून ठेवा, फोटो काढा. चांगला माणूस स्वतःच भरून देतो. नाहीच दाद दिली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथे दोन वर्षांच्या आत जायचं असतं, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. पण हातात पक्कं बिल हवं. कच्च्या चिठ्ठीवर किलोमीटरही नसतात आणि पार्टचं नावही नसतं.

इन्शुरन्सचं उत्तर बहुधा नाही असंच येतं. मोटर पॉलिसीत यांत्रिक बिघाड आणि झीज वगळलेली असते.

16. हायवेला किंवा घाटात तुटला तर?

इंजिन बंद होताच ब्रेक आणि स्टीअरिंग जड होतं. घाबरू नका, ब्रेक एकदाच ठाम दाबून धरा, पुन्हा पुन्हा पंप करू नका. हॅझर्ड लावून गाडी डावीकडे घ्या. मग परत परत सेल्फ मारू नका. इंजिन नेहमीपेक्षा हलकं, भर्रकन फिरल्यासारखं वाटलं तर बेल्ट गेलाय असं धरून चाला. धक्का स्टार्ट तर अजिबात नको. जे व्हॉल्व्ह वाचले असतील तेही त्यात जातात. पुणे-बेंगळुरू राष्ट्रीय महामार्गावर असाल तर महामार्गाच्या हेल्पलाइनला, 1033 ला फोन लावा. पसरणी, केळघर किंवा यवतेश्वरच्या घाटात असाल तर टोइंगवालाच बोलवावा लागेल.

17. सेकंडहँड गाडी घेतली. आधीचा मालक म्हणतो बेल्ट बदललाय, बिल नाही.

बदललेला नाही असं समजा. माणूस खोटं बोलतो असं नाही. पुष्कळदा त्याने फॅन बेल्ट बदललेला असतो आणि त्याला तोच बेल्ट वाटतो (प्रश्न 1). कव्हरवर तारीख-किलोमीटरचं स्टिकर आहे का बघा. नसेल तर गाडीच्या किमतीतून बेल्टचा खर्च आधीच वजा करून सौदा करा.

18. सीएनजी किट बसवलंय. बेल्ट लवकर जातो का?

बेल्टला इंधनाशी देणंघेणं नाही. पण सीएनजीवाला जास्त चालवतो, त्यामुळे किलोमीटर लवकर भरतात.

19. इकोस्पोर्टच्या 1.0 इकोबूस्टचा बेल्ट इंजिनाच्या आत आहे म्हणतात. तो घरी होतो का?

नाही. तो तेलात भिजलेला फिरतो, आणि त्यापर्यंत पोचायला इंजिनाची पुढची बाजू उघडावी लागते. त्या गाडीला कंपनीने सांगितलेल्या दर्जाचंच तेल घाला. चुकीच्या तेलाने बेल्टचे कण सुटतात आणि ऑइल पंपाची जाळी तुंबते. मग बेल्टच्या आधी इंजिन तेलाविना मरतं. फोर्डने 2021 मध्ये भारतातलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, तेव्हा पार्ट हातात आल्याशिवाय गाडी उघडायला देऊ नका. शेवरलेनेही इथली विक्री बंद केली आहे, तिच्या मालकांनाही पार्टबद्दल हेच सांगणं.

20. अर्ध्यात अडकलो. सगळं उघडलंय, आता जमेना. गॅरेजवाला हसेल का?

हसला तर हसू द्या. बेल्ट निघालेला असेल तर क्रँक किंवा कॅम यांना हात लावू नका. बोल्ट डब्यांत नावं लिहून ठेवा, आहे त्या स्थितीचे फोटो काढा आणि मिस्त्रीला घरी बोलवा. सेल्फ मारायच्या आधी थांबलेला माणूस फक्त मजुरी घालवतो. "लावून तर बघू" म्हणून चावी फिरवणारा हेड उघडायला लावतो. माझ्याकडे असा निरोप रात्री दहालाही आला तर मी उत्तर देतो, कारण त्या क्षणी चावी न फिरवणं एवढंच करायचं असतं.

21. मला पैसे नकोत वाचवायला, शिकायचंय. सुरुवात कुठून करू?

पहिला बेल्ट स्वतःच्या गाडीवर नको. भंगारातलं, बेल्ट असलेलं छोटं पेट्रोल इंजिन कोणा मिस्त्रीकडे पडलेलं असतं. त्याला विनंती करून एक रविवार त्यावर घालवा. मुद्दाम एक दात चुकवा, हाताने दोन फेरे मारा, खूण किती हटते ते डोळ्यांनी बघा. मग दोन दात चुकवून बघा. पिस्टन व्हॉल्व्हला टेकला की पान्याला जो टणक थांबा लागतो, तो एकदा हाताने अनुभवा. त्यानंतर आपली गाडी, आणि पहिल्या वेळी झाकण लावायच्या आधी खुणा बघायला एक जाणता माणूस शेजारी उभा करा. त्याला चहा पाजा, आणि त्याने "फिरव" म्हटल्याशिवाय चावीला हात लावू नका.